गुच्चीची मार्माँट बॅग: चामडे किती, घडणावळ किती

जळगावच्या सराफ बाजारात बांगडी घेताना हिशेब डोळ्यांसमोर होतो: वजन, त्या दिवसाचा भाव, घडणावळ, वर ३ टक्के जीएसटी. मोडायला नेली तर घडणावळ बुडते, सोने राहते. इटलीच्या गुच्ची या फॅशन घराण्याच्या बॅगेला मोडच नाही. चामडे आणि पितळी मुलामा वजा केला तर उरते ती सगळी घडणावळ. म्हणून लग्नाच्या खरेदीसाठी बीकेसीतल्या जिओ वर्ल्ड प्लाझापर्यंत जाणार असाल, तर ही घडणावळ कोणाच्या हाताची हे आधी बघा.

जीजी मार्माँट ही बॅग आली ती गुच्चीचे डिझाइन ठरवणारे क्रिएटिव्ह डायरेक्टर अलेस्सांद्रो मिकेले यांच्या काळात. मऊ चामड्यावर नागमोडी पट्ट्यांची फुगीर शिलाई, पाठीमागच्या बाजूला शिलाईतूनच उमटलेले हृदयाच्या आकाराचे बदाम, पुढे जुनाट सोनेरी छटेचे दोन जी. हे दोन जी १९७० च्या दशकातल्या पट्ट्याच्या बकलावरून घेतलेले आहेत. म्हणजे साचा घराण्याचाच, फक्त तो बाहेर काढायची नजर मिकेलेंची. ते २००२ पासून कंपनीतच कामाला होते. जानेवारी २०१५ मध्ये पुरुषांचा पहिला शो त्यांनी आठवड्याच्या आत उभा केला आणि त्यानंतर त्यांना पद मिळाले.

पुढचे आकडे बोलके आहेत. २०१४ मध्ये गुच्चीची विक्री सुमारे ३.५ अब्ज युरो होती, २०१९ मध्ये ती ९.६ अब्जांवर गेली. एवढी झेप निव्वळ बाजार चढा होता म्हणून येत नाही. त्यातला मोठा वाटा मिकेलेंचा आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे. पण एकट्याचा नाही. सीईओ मार्को बिझ्झारी यांनी बाहेर फारसे नाव नसलेल्या माणसावर डाव लावला, दुकानांची मांडणी बदलली आणि शोमधला माल खरोखर फळीवर आणला. कारागिराची नक्षी कितीही देखणी असली, तरी पेढीवाल्याने ती दर्शनी काचेत ठेवली नाही तर खपत नाही.

उतारही तितकाच शिकवणारा. नोव्हेंबर २०२२ मध्ये मिकेले गेले. त्यांच्या जागी आलेल्या साबातो दे सार्नो यांनी साधे, शांत कपडे आणि गडद लाल रंग आणला. २०२३ ची विक्री ९.९ अब्ज होती, २०२४ मध्ये ती ७.७ अब्जांच्या आसपास आली. चीनमधली मागणी त्याच वेळी आटली होती, त्यामुळे सगळा दोष दे सार्नो यांच्या माथी मारणे अन्यायाचे ठरेल. फेब्रुवारी २०२५ मध्ये तेही गेले. आता त्या जागी डेम्ना आहेत.

सगळ्याच घराण्यांत असे घडत नाही. शनेलमध्ये क्रिएटिव्ह डायरेक्टर असताना व्हर्जिनी वियार यांच्यावर समीक्षकांनी सतत टीका केली, तरी २०२३ ची विक्री १९.७ अब्ज डॉलर झाली. १९५५ ची २.५५ बॅग आणि वाढवलेले दर यांनी भार पेलला. एर्मेसची बर्किन बॅग १९८४ पासून तीच आहे. गुच्ची मात्र नवलाईवर चालणारे घर, म्हणून तिथे माणूस बदलला की फळी बदलते.

खरेदीला याचा उपयोग असा. घराण्याच्या कायमच्या वस्तू वेगळ्या: १९४७ ची बांबूच्या मुठीची बॅग, १९५३ पासूनचा लगामाची कडी असलेला लोफर, जॅकी १९६१ ही बॅग. डायरेक्टर गेला तरी या जुन्या होत नाहीत. एका हंगामाची नवलाई वेगळी. मार्माँट या दोन्हींच्या मध्ये येते. काळी किंवा तपकिरी, साध्या चामड्याची, लहान आकाराची घेतली तर दहा वर्षे सहज वापरता येईल. मखमलीची घेऊ नका. काखेत घासून लव बसते आणि ती पुन्हा उठत नाही. एखाद्या हंगामापुरते भरतकाम असलेली बॅग विकायला काढलीत, तर गिऱ्हाईक मिळणे अवघड जाते.

जुनी घेत असाल तर आतली चामड्याची पट्टी उलटून बघा. मागे आकड्यांच्या दोन ओळी असतात: वरची मॉडेलची, खालची माल पुरवणाऱ्याची. सोन्याच्या दागिन्यावर हॉलमार्कसोबत असणाऱ्या एचयूआयडीसारखा हा त्या एकाच बॅगेचा क्रमांक नव्हे. तोच आकडा नकली बॅगेवरही छापता येतो, म्हणून मूळ बिल मागाच. शिलाईचे टाके एकसारखे हवेत, बदाम मधोमध हवे.

दोन जींवरचा मुलामा कडांना आधी झिजतो. साखळी खांद्यावरून काढून झाकणावर टाकण्याची सवय असेल तर चामड्यावर वळ उमटतात. ठेवताना साखळी कापडात गुंडाळून आत सरकवा. मे महिन्यात खानदेशात पारा ४५ च्या घरात जातो, तेव्हा बंद गाडीत बॅग ठेवू नका, चामडे कोरडे पडते. पोटात पांढरा कागद भरून सुती पिशवीत ठेवा, प्लास्टिकमध्ये नको. पावसाळ्यात सिलिकाच्या पुड्या महिन्याला बदला आणि बँकेच्या लॉकरमध्ये तर ती मुळीच कोंबू नका.