ब्युरो टाळून थेट कामावर ठेवलेली मावशी

माझी आत्या कर्वेनगरात एकटी राहते. गेल्या वर्षी मे महिन्यात न्हाणीघरात पाय घसरून तिच्या खुब्याचे हाड मोडले, शस्त्रक्रिया झाली आणि ७८व्या वर्षी तिच्याजवळ २४ तास कोणीतरी असणे आवश्यक झाले. मी निगडीला राहतो आणि रविवारखेरीज तिच्याकडे जाणे जमत नाही. जून ते नोव्हेंबर या काळात आमचे १,०४,००० रुपये गेले. हे सगळे तपशिलाने लिहीत आहे, कारण आम्ही जिथे चुकलो तो निर्णय त्या वेळी शहाणपणाचा आणि न्यायाचाही वाटला होता.

आत्याची देखभाल करणारी मावशी आली ती अशा कामासाठी बायका पुरवणाऱ्या एका ब्युरोमार्फत. आम्ही ब्युरोला महिन्याला २४,००० रुपये देत होतो. तिचे काम खरोखर चांगले होते. तीन आठवड्यांत तिने आत्याला वॉकर धरून स्वयंपाकघरापर्यंत चालते केले. एका रविवारी ती म्हणाली, "दादा, यातले सात हजार ब्युरोवालेच ठेवून घेतात. तुम्ही मला थेट ठेवा, एकवीस हजार द्या. तुमचेही वाचतील." रात्रंदिवस राबणाऱ्या बाईचे पैसे दुसऱ्याने खावेत हे आम्हाला पटेना, म्हणून आता गरज उरली नाही असे ब्युरोला खोटे सांगून आम्ही तिला थेट ठेवले. त्यामुळे ती रजेवर गेल्यास बदली बाई मिळण्याची सोय गेली आणि तिच्या कामाची चौकशी करणारे तिसरे माणूसही राहिले नाही. आमच्या हाती उरली ती तिच्या आधार कार्डाची एक पुसट झेरॉक्स.

ऑगस्टमध्ये मुलीच्या कॉलेजची फी भरायची म्हणून तिने ४०,००० रुपये उचल मागितली, आणि दरमहा पगारातून ५,००० कापून घेण्याच्या बोलीवर आम्ही ती रोख दिली. पावती घेतली नाही. दोन हप्ते फिटले, ३०,००० राहिले.

उरलेले ७४,००० रुपये आत्याच्या पेन्शनच्या खात्यातून गेले. मुसळधार पावसाच्या एका दिवशी औषधे संपली होती, मी पोहोचू शकत नव्हतो, तेव्हा आत्याने तिला एटीएम कार्ड दिले आणि पिनही सांगितला. त्यानंतर कधी दोन हजार, कधी तीन हजार असे पैसे निघत राहिले. बँकेचे मेसेज आत्याच्या साध्या फोनवर येत असत. तो फोन चार्जिंगला लावण्याचे काम मावशीचे होते आणि मेसेजही तीच पुसून टाकत असे. खात्याला माझा मोबाइल क्रमांक जोडलेला असता तर दुसऱ्याच वेळी हे कळले असते.

पैशांपेक्षा मला जे अधिक लागले ते वेगळेच आहे. ऑक्टोबरमध्ये आत्या दुपारीही गुंगीत असायची, बोलता बोलता तिचा डोळा लागायचा. वयामुळे होत असेल, अशी आम्ही स्वतःची समजूत घातली. डॉक्टरांनी झोपेची गोळी रात्री अर्धी सांगितली होती, म्हणजे दहा गोळ्यांची स्ट्रिप वीस दिवस पुरायला हवी. औषधांच्या डब्यातली बिले नंतर तारखेप्रमाणे लावली तेव्हा दर आठ-नऊ दिवसांनी नवी स्ट्रिप आणलेली दिसली. माकडहाडाजवळची त्वचा लाल होऊन सोलू लागली होती, कारण गुंगीत असलेली आत्या कुशीवर वळत नव्हती आणि मावशी तिला वळवत नव्हती. दर रविवारी मी तिच्या खोलीत बसून चहा घेत होतो आणि यातले काहीही मला दिसले नाही.

नोव्हेंबरमध्ये हयातीच्या दाखल्यासाठी आत्याला रिक्षाने बँकेत नेले, तेव्हा पासबुक भरून घेतले आणि सगळे उघड झाले. आम्ही घरी परतलो तोवर मावशी शेजारी किल्ली ठेवून निघून गेली होती. पासबुक कपाटातून बाहेर निघाले तेव्हाच तिला अंदाज आला असावा.

पोलीस ठाण्यात झेरॉक्सवरचा फोटो ओळखू येईना, क्यूआर कोडचा भाग तर कॉपी काढतानाच कापला गेला होता. दिलेल्या पत्त्यावर त्या नावाचे कोणी राहत नव्हते. ब्युरोकडे गेलो तर त्यांच्या फाइलमध्येही तीच झेरॉक्स निघाली, त्यामुळे ब्युरोकडूनच तिला ठेवले असते तर निश्चिंत राहता आले असते, असे मी म्हणणार नाही. नोकराने मालकाच्या घरी केलेल्या चोरीसाठी भारतीय न्याय संहितेचे कलम ३०६ आहे आणि त्यात सात वर्षांपर्यंत शिक्षेची तरतूद आहे, परंतु आरोपी नेमकी कोण हेच आम्हाला सांगता आले नाही. बँकेने रिझर्व्ह बँकेच्या २०१७च्या परिपत्रकाकडे बोट दाखवले: ग्राहकाने स्वतः पिन सांगितला असेल तर बँकेला कळवीपर्यंतचे सारे नुकसान ग्राहकाचे. तो नियम आम्ही त्याआधी वाचलेला नव्हता.

आता दुसरी बाई आहे, तीही थेट ठेवलेली. यावेळी मूळ आधार कार्ड समोर ठेवून त्यावरचा क्यूआर कोड आधारच्या अधिकृत अॅपमध्ये स्कॅन केला, पोलीस पडताळणीचा अर्ज ती कामाला येण्यापूर्वीच दिला, आणि ज्या दोन घरी तिने आधी काम केले होते तिथे फोनवर न विचारता स्वतः जाऊन आलो. पगार तिच्याच बँक खात्यात जातो. हे सारे मागताना मला संकोच वाटत होता. तिने मात्र शांतपणे पिशवीतून कागद काढून दिले आणि आधीच्या घरांचे पत्तेही स्वतःच लिहून दिले. उचल द्यावी लागलीच तर ती सहीनिशी द्यायची, असे आमचे दोघांचे ठरले आहे. आत्याच्या कार्डाचा पिन बदलला आहे, खात्याचे मेसेज माझ्या फोनवर येतात आणि गोळ्यांच्या स्ट्रिपवर ती कधी उघडली याची तारीख आत्या स्वतःच्या हाताने लिहिते. पोलिसांकडची तक्रार अजून तपासावर आहे.