आधी शिबिर की आधी गट? धर्मग्रामातलं युवाकार्य सुरू करताना

मिस्सा (चर्चमधली मुख्य उपासना) संपल्यावर फादर बाजूला घेऊन म्हणतात, "यंदा युवकांचं तू बघ." आपण हो म्हणून बसतो. मग पहिल्याच बैठकीत प्रश्न येतो: एक मोठं शिबिर घ्यायचं, की दर आठवड्याला छोटे गट चालवायचे? ज्यांच्याकडे पंधरा-वीस स्वयंसेवक आहेत त्यांनी खुशाल दोन्ही करावं. बहुतेक धर्मग्रामांत (म्हणजे एकेका चर्चच्या कॅथलिक समाजात) मात्र तीन-चार माणसं असतात आणि त्यातल्या एकाची कायम परीक्षा चालू असते. हे त्यांच्यासाठी आहे. मी दोन्ही करून पाहिलंय, दोन्हीत तोंडघशी पडलोय, आणि माझा कल गटांकडे आहे हे आधीच सांगून टाकतो.

तरी शिबिराचं जे आहे ते त्याला द्यायलाच हवं. आमच्या पहिल्या शिबिरात शेवटच्या रात्री पवित्र साक्रामेंताची आराधना, म्हणजे मिस्सातल्या पवित्र भाकरीसमोरची प्रार्थना, ठेवली होती. प्रायश्चित्त संस्कारासाठी (पापांची कबुली ऐकून क्षमा द्यायला) दोन फादर कोपऱ्यांत बसले होते. बारा वाजून गेले तरी रांग संपेना. त्या रांगेत वर्षभर चर्चच्या मागच्या दाराशी उभं राहून मिस्सा 'उरकणारी' मुलं होती. एक मुलगा दोनदा रांगेतून बाहेर पडला, जाऊन चपला शोधल्यासारखं केलं आणि परत येऊन उभा राहिला. बुधवारी संध्याकाळच्या तासाभराच्या सभेत असं काही होत नाही. घरापासून लांब, फोन बाजूला, झोप कमी आणि सोबत समवयस्क, एवढं सगळं जुळून आलं तरच ती रात्र घडते.

मग पुढचा बुधवार आला. आम्ही उत्साहात चाळीस खुर्च्या मांडल्या. सात जण आले. त्यातला एक शिबिरात विसरलेलं जॅकेट न्यायला आला होता.

मुलांचा यात काही दोष नव्हता. आम्ही त्या दिवशी चर्चच्या सात संस्कारांवर स्लाइड दाखवून व्याख्यान ठेवलं होतं. पोप फ्रान्सिस यांच्या 'ख्रिस्तुस विवित' या 2019 च्या पत्रात हीच तक्रार आहे, ती मी नंतर वाचली आणि कानकोंडा झालो. तरुणांना देवाचा उत्कट अनुभव येतो, आणि त्यानंतर त्यांना मिळतं काय, तर सिद्धान्त आणि नीतीवरची भाषणं. मुलं कंटाळतात, आतली आग विझते. त्याच पत्रात युवाकार्याच्या दोन दिशा सांगितल्या आहेत: नव्यांना बोलावणं, आणि आलेल्यांना वाढवणं. शिबिर पहिलं काम उत्तम करतं. दुसरं त्याच्या आवाक्यातलं नाही, आणि आमच्यासारखे लोक तिथेच फसतात, कारण पहिल्याचे फोटो छान येतात.

गटांचे फोटो येत नाहीत. आठ मुलं, दोन अ‍ॅनिमेटर (गट चालवणारे), सव्वा तास. येत्या रविवारची सुवार्ता (बायबलमधला ख्रिस्ताच्या जीवनाचा भाग) वाचायची, एखादं वाक्य किंवा शब्द कुणाला अडला ते विचारायचं, आठवडा कसा गेला ते ऐकायचं, थोडी प्रार्थना. चौथ्या आठवड्यापर्यंत फारसं काही होत नाही. मग हळूहळू मुलं एकमेकांची नावं नीट घेऊ लागतात, कुणी आलं नाही तर फोन करतात. पॅरिश कौन्सिलच्या (धर्मग्रामाच्या सल्लागार मंडळाच्या) बैठकीत मात्र "किती मुलं येतात?" या प्रश्नाला "सोळा" हे उत्तर द्यायला हिंमत लागते. शिबिरवाला शेजारी ऐटीत नव्वद सांगत असतो.

गटाचा रोग वेगळा आहे: तो आतून बंद होतो. आमचा सर्वांत चांगला गट वर्षभरात इतका घट्ट झाला की त्यांचे विनोदसुद्धा बाहेरच्याला कळेनात. एक नवी मुलगी आली, दाराजवळच्या खुर्चीवर बसली, सगळे हसले तेव्हा तीही अर्धवट हसली. नंतर पुन्हा दिसली नाही. कुणी तिच्याशी वाईट वागलं नव्हतं, एवढंच की तिच्यासाठी कुणी सरकून जागा केली नाही. त्यानंतर आम्ही दर सहा महिन्यांनी गट मोडून नव्याने पाडायला लागलो. दोन आठवडे कुरकुर होते. होऊ द्यावी.

माणसांचा हिशेब प्रामाणिकपणे मांडा, कारण निर्णय खरं तर तिथेच होतो. शिबिराला तीन महिने धावपळ आणि नंतर मोकळीक. गटाला आठवड्याला दोन-तीन तास, पण ते दर आठवड्याला, पाऊस असो वा पाहुणे. तुमचे स्वयंसेवक फक्त सुट्टीतच मोकळे असतील तर गट काढू नका. तिसऱ्या आठवड्यात रद्द झालेला गट न काढलेल्या गटापेक्षा जास्त नुकसान करतो. फादरांच्या वेळेचं उलट आहे. शिबिर त्यांच्याशिवाय होत नाही. मिस्सा, आराधना, प्रायश्चित्त सगळं त्यांच्यावर. गटाला ते महिन्यातून एकदा आले तरी चालतं. आणि फादरांची बदली होते. गिटार वाजवणाऱ्या, मुलांना नावाने ओळखणाऱ्या फादरांभोवती उभा राहिलेला कार्यक्रम त्यांच्या सामानाबरोबरच जातो, हे मी दोनदा पाहिलंय. प्रापंचिकांनी, म्हणजे आपल्यासारख्या फादर नसलेल्यांनी, चालवलेले गट नव्या फादरांना सवय होईपर्यंत तग धरतात. माझा कल गटांकडे असण्याचं सर्वांत मोठं कारण हेच आहे.

सुरक्षिततेच्या बाबतीत दोन्हीकडे सारखीच शिस्त हवी, पण शिबिरात चूक महाग पडते. पालकांची लेखी संमती, मुला-मुलींची वेगळी निवासव्यवस्था, कुठल्याही खोलीत एकटा प्रौढ आणि एकटं मूल कधीही नाही. गटात धोका फोनवर असतो: अ‍ॅनिमेटरने अल्पवयीन मुलाशी खासगी चॅट करायचा नाही, जे असेल ते गटाच्या ग्रुपवर, दुसरा प्रौढ त्यात असताना. 2019 मध्येच पोप फ्रान्सिस यांनी प्रत्येक धर्मप्रांतात (बिशपांच्या अखत्यारीतल्या भागात) अत्याचाराच्या तक्रारी स्वीकारण्याची, लोकांना सहज पोहोचता येईल अशी व्यवस्था बंधनकारक केली. तुमच्या धर्मप्रांतात ती कुठे आहे, हे पहिल्या बैठकीआधी माहीत असलं पाहिजे.

वयाचा घोळ दोन्हीकडे होतो. 2018 च्या सिनोडने (बिशपांच्या परिषदेने) 'तरुण' म्हणजे 16 ते 29 असं धरलं. सिनोडसाठी ठीक आहे, एका खोलीसाठी नाही. अठ्ठावीस वर्षांचा नोकरी-लग्नाच्या विवंचनेत असतो आणि सोळा वर्षांची मुलगी त्याच्यासमोर तोंड उघडत नाही. शिबिरात हे झाकलं जातं, गटात पहिल्या दिवशी उघडं पडतं. निदान दोन भाग करा. दृढीकरणाचा (बाप्तिस्म्यानंतर श्रद्धा पक्की करणाऱ्या संस्काराचा) वर्ग हा युवागट नव्हे, हेही लक्षात असू द्या. तिथे मुलं येतात कारण यावं लागतं. तो वर्ग संपायच्या आत त्यांना गटाची ओळख झाली तर काही टिकतात. संस्कारानंतर पत्र पाठवून बोलावलं तर जवळजवळ कुणी येत नाही.

तिसरी एक वाट आहे, ती मी स्वतः कमी चाललोय म्हणून थोडक्यात. बेल्जियमचे फादर जोसेफ कार्डाइन यांनी कामगार तरुणांना घेऊन 'पाहा, पारखा, कृती करा' ही पद्धत रुजवली; पोप जॉन तेविसावे यांनी 1961 च्या 'मातेर एत माजिस्त्रा' या परिपत्रकात तिची शिफारस केली. आपल्या भागातला एक प्रश्न घ्यायचा, तो सुवार्तेच्या प्रकाशात तपासायचा, मग काहीतरी करायचं. प्रार्थनेच्या नावाने पळणारी मुलं इथे येतात. पण मधली पायरी गाळली की उरते ती साफसफाई मोहीम, आणि ती गाळण्याचा मोह फार होतो.

जागतिक युवा दिनाचं, म्हणजे कॅथलिक तरुणांच्या आंतरराष्ट्रीय मेळ्याचं, उदाहरण शिबिरवाले हमखास देतात. जरा जवळून पाहा. पोप जॉन पॉल दुसरे यांनी 1985 मध्ये घोषणा केली, 1986 मध्ये पहिला दिन धर्मप्रांतांच्या पातळीवर झाला. 1995 च्या मनिलातल्या समारोपाच्या मिस्साला लाखोंचा समुदाय होता. पण त्या आठवड्यातही सकाळी भाषावार छोट्या जमावांत धर्मशिक्षण असतं, आणि तिथे पोचणारी बहुतेक मुलं आपापल्या गटातूनच आलेली असतात. पुढचा मेळा 2027 मध्ये सोलला आहे. कुणाला पाठवायचं असेल तर गट आजच हवा. धर्मप्रांतांतला वार्षिक युवा दिन 2021 पासून झावळ्यांच्या रविवारऐवजी (ईस्टरआधीच्या रविवारऐवजी) ख्रिस्तराजाच्या सणाला, नोव्हेंबरच्या उत्तरार्धात, असतो. वर्षातला एकच मोठा कार्यक्रम करायचा तर तो दिवस हाताशी आहे.

एका परिस्थितीत मात्र मीही आधी शिबिरच घेईन: धर्मग्रामातल्या दहा तरुणांचीही नावं तुम्हाला येत नसतील तर. गट कुणाचा काढणार? पण शिबिराची तारीख ठरवण्याआधी गटांचे वार, वेळ आणि अ‍ॅनिमेटर ठरवा. आम्ही दुसऱ्या शिबिरात तिथेच, दुसऱ्या दिवशी, मुलांना त्या-त्या अ‍ॅनिमेटरच्या हाती दिलं. उरलेले सगळे उपक्रम त्यांनी त्याच गटात केले. निघताना प्रत्येकाला आपला वार ठाऊक होता. व्याख्यान ठेवलं नाही. पहिल्या आठवड्यात एकवीस आले, महिन्याभराने चौदा उरले, आणि त्या चौदातले अकरा पुढच्या वर्षीही होते.