हलक्या रानातलं धान्य: रासायनिक, शेणखत की दोन्ही मिळून?

मुरमाड, उथळ रानात ज्वारी, बाजरी किंवा मका घेणाऱ्यापुढे हा प्रश्न दर हंगामाला उभा राहतो. तिन्ही पद्धती वापरून झाल्यावर मी दोन्ही खतं मिळून देण्यावर स्थिरावलो आहे. पण प्रत्येकाने तेच करावं, असा आग्रह नाही.

नुसतं रासायनिक सोयीचं, यात वाद नाही. हेक्टरी 80 किलो नत्र (नायट्रोजन) द्यायचं तर युरिया 174 किलो पुरतो. शेणखतात नत्र जेमतेम अर्धा टक्का, म्हणजे तेवढ्यासाठी 16 टन वाहून आणायचं, आणि त्यातलं साधारण एक तृतीयांशच पहिल्या पिकाच्या वाट्याला येतं. म्हणून मक्यासारखं खादाड पीक एकट्या शेणखतावर सोडू नये, असं मला वाटतं.

रासायनिकावरून माझं मन उडालं ते वाफशामुळे, म्हणजे रानात कामाजोगी ओल असण्याच्या प्रश्नामुळे. पीक गुडघ्याला आलेलं असतं, खालची पानं टोकाकडून मधल्या शिरेने पिवळी पडू लागतात, युरियाची गोणी बांधावर येऊन पडलेली असते आणि रानात ओल नसते. हलक्या जमिनीत उघडीप मिळाली की वरचा थर बघता बघता सुकतो. जेमतेम ओलीवर युरिया नुसता फेकून ठेवला तर नत्र अमोनिया होऊन उडतं. पावसासाठी थांबावं, तर पीक ऐन भुकेच्या वेळी उपाशी राहतं. आणि दिल्यावर मोठा पाऊस झाला, तर तेच नत्र मुळांच्या खाली निघून जातं. पैसा खर्च करूनही पिवळं पीक बघत बसणं मला फार लागायचं.

पेरणीआधी चांगलं कुजलेलं शेणखत कुळवाने मिसळलेल्या रानात हा वाफसा जास्त टिकतो. ओल मी कधी मोजलेली नाही. पण कोळपणी करताना शेजारच्या पट्ट्यात धूळ उडत असते, तेव्हा इथली माती मुठीत दाबली की गोळा धरते. मग युरिया देऊन लगेच मातीआड करायला सवड मिळते.

मी निम्मं नत्र शेणखतातून धरतो, म्हणजे 8 टन, आणि उरलेल्यासाठी 87 किलो युरिया दोन हप्त्यांत. पहिला हप्ता पेरणीलाच हवा, कारण शेणखत सावकाश लागू पडतं. स्फुरद (फॉस्फरस) माती परीक्षणाप्रमाणे बियाण्याखाली पेरून द्यावं. खत अर्धवट कुजलेलं, काडीकचऱ्याचं असेल तर मात्र ते कुजताना जमिनीतलंच नत्र ओढून घेतं. शिवाय तण आणि हुमणीही (मुळं खाणारी अळी) घेऊन येतं. तसलं खत घालण्यापेक्षा न घातलेलं बरं.

हमखास पाणी असणाऱ्यांना युरियामागून हलकं पाणी देता येतं. त्यांचं नुसत्या रासायनिकावर काही हंगाम निभावेलही. कोरडवाहूला मी ते सुचवणार नाही. शेणखत कमी पडत असेल, तर सगळ्या रानावर पातळ पसरण्यापेक्षा दरवर्षी एकेक तुकडा धरून भरपूर द्यावं आणि सुरुवात सर्वांत हलक्या तुकड्यापासून करावी.