मालवणातल्या दोन खानावळी, हेड टू हेड

मालवणला धक्क्याकडे जाताना समोरासमोर दोन खानावळी आहेत, मधून जेमतेम एक रिक्षा जाईल. नावं देत नाही, दोन्हीकडे परत जेवायला जायचंय. एकाने पाटीवर सुरमई थाळी ३५० लिहिली की समोरचा दुपारपर्यंत खडूने ३४० करतो. भाचा बोलला, मामा ही हेड टू हेड फाईट आहे. मी म्हटलं नेक अँड नेकच ना, तर पठ्ठ्याने माझी शाळाच घेतली.

पटलं पण त्याचं. हेड टू हेड म्हणजे दोघं थेट आमनेसामने, बस, कोण पुढे कोण मागे ते त्यात येतच नाही. मॅचच्या आधी टीव्हीवर हेड टू हेड दाखवतात बघा, पुरुषांच्या वनडे वर्ल्डकपमधे भारत-पाकिस्तान २०२३ पर्यंत ८-०, आता ह्याला नेक अँड नेक कोण म्हणेल? ते घोड्यांच्या शर्यतीतलं, माना बरोबरीला आल्या की म्हणायचं, आपल्याकडे अटीतटीची म्हणतो तसं. दोन मोबाईल शेजारी ठेवून तुलना करतात ते पण हेड टू हेडच. आणि आपला टक्कर शब्द आहेच की, एडके डोकी आपटतात ती टक्कर, म्हणजे तिकडे पण डोकं नि इकडे पण डोकंच!

असो, जेवणाचं सांगतो. लागोपाठ दोन दिवस सेम ऑर्डर, बांगड्याचं तिखलं, तांदळाची भाकरी, सोलकढी. डावीकडे तिखल्यात तिरफळं अशी उतरलेली की ताट यायच्या आधी वास आला, बांगडा ताजा, भाकरी तव्यावरून थेट ताटात, बोटं भाजली माझी. पण सोलकढी म्हणजे नुसतं आगळाचं पाणी, नारळाचा रस नावाला, दात आंबले. उजवीकडे बरोब्बर उलटं, सोलकढी दाट, लसूण-मिरची बेताची, तीन ग्लास प्यायलो, पण बांगडा मऊ पडलेला, बहुतेक बर्फातला. वर गल्ल्यावरचे काका हसत विचारतात, "काल थंय जेवलात मां?" सगळं दिसतं ना त्यांना समोरून, मी आपला भाकरीत तोंड घालून बसलो.

म्हटलं उद्या इथली सोलकढी बाटलीत भरून घेऊ आणि समोर तिखल्याला बसू. भाचा बोलला, मामा, दोघं मिळून मारतील.