इस्त्रीची वायर: पीव्हीसी घ्यावी की कापडी?

शिलाईच्या दुकानात इस्त्री सकाळपासून रात्रीपर्यंत तापलेली असते, त्यामुळे वायर बदलायची वेळ माझ्यावर बऱ्याचदा आली. पीव्हीसी म्हणजे प्लास्टिकच्या आवरणाची आणि कापडी, दोन्ही प्रकार वापरून झालेत. तीन कोअरची, म्हणजे आत तीन वेगळ्या तारा असलेली, अर्थिंगवाली वायर तर घ्यावीच लागते, आणि १००० वॉटची इस्त्री २३० व्होल्टला साडेचार अँपिअरच्या आतच ओढते. तेवढा भार ०.७५ चौरस मिलिमीटरची चांगली तांब्याची वायर आरामात पेलते, मग वरचं आवरण कोणतंही असो. भाराने काही ठरत नाही.

पीव्हीसीच्या बाजूने बोलायचं तर ती स्वस्त आहे आणि फडक्याने पुसली की स्वच्छ होते. पाणी शिंपडताना वर थेंब उडाले तरी मुरत नाहीत. कापडी वायरीला धागे, लिंट, खडूची भुकटी सगळं चिकटतं. चार महिन्यांत ती मळकट दिसायला लागते.

तरीही मी पीव्हीसी सोडली, ती तिच्या पिळामुळे. गुंडाळी करून विकलेली ही वायर ती गोलाई विसरत नाही. थंडीत तर दुकान उघडल्यावर पहिला तासभर काठीसारखी ताठ. ब्लाउजची बाही इस्त्री करताना डाव्या हाताने कापड ताणायचं, तर तोच हात वायर बाजूला सारण्यात गुंततो. सोडली की ती पुन्हा वेटोळं घालून टेबलावर येते आणि नेमकी इस्त्रीच्या कडेला टेकते. साधं पीव्हीसी ७० अंशांपर्यंतचीच उष्णता सोसतं. सुती कापडाला लावलेली इस्त्री २०० अंशांच्या आसपास असते. माझ्या वायरीवर इस्त्रीच्या टोकाजवळ तांदळाएवढा एक चकचकीत खड्डा पडला, आठवड्याभरात शेजारी दुसरा पडला. दुसऱ्या खड्ड्यातून आतल्या कोअरचा निळा रंग दिसला, तेव्हा मी प्लग काढला तो काढलाच.

कापडी वायरीत आत रबर आणि वर सुताची वीण. ती लोळते. टेबलाच्या कडेवरून खाली सोडली की तशीच लोंबत राहते. चुकून तापलेल्या लोखंडाला लागली तर वीण करपते, वितळून चिकटत नाही. करपलेला डाग दिसला की बदलायची, हे मात्र पाळावं लागतं. दुसरी कटकट म्हणजे इस्त्रीत शिरते तिथे वीण उसवते. मी प्लग काढून तिथे जाड सुती दोऱ्याचे दहा-बारा वेढे घट्ट देतो आणि गाठ मारतो. त्यावर वर्षभर निघतं. रबर मात्र उष्णतेने हळूहळू कडक होतं, त्यामुळे फार जुनी वायर वाकवून तडा दिसतोय का, ते बघत जावं.

घरी आठवड्याला चार शर्ट होत असतील, तर पीव्हीसीने कदाचित तुमचं काही अडणार नाही. पण रोजच्या इस्त्रीला मी कापडीच सुचवेन, थोडे पैसे जास्त गेले तरी. दुकानात हातभर वायर उलगडून काउंटरवर सोडून बघा. लगेच गोल व्हायला लागली, तर ती इस्त्रीला लावू नका.