अनंत की डबल तगर: कुंडीसाठी कोणते झुडूप निवडावे?

बाराही महिने हिरवे राहणारे, चकचकीत पानांचे आणि पांढऱ्या फुलांचे झुडूप हवे असले की निवड बहुधा अनंत आणि डबल तगर यांच्यापाशी येऊन थांबते. माझ्याकडे ही दोन्ही झाडे शेजारीशेजारी कुंड्यांत वाढलेली आहेत. त्यामुळे पुढील मत मोजमापावर नव्हे, तर नित्याच्या पाहण्यावर आधारलेले आहे, एवढे वाचकाने ध्यानात घ्यावे.

फूल नसलेल्या रोपांची अदलाबदल सर्रास होते आणि अनंत म्हणून आणलेले रोप पुढे तगर निघते, म्हणून ओळखीचा प्रश्न आधी मिटवणे बरे. पानाचा देठ मोडावा. पांढरा चीक आला तर ती तगर, कारण ती कण्हेरीच्या कुळातली आहे. अनंत कॉफीच्या कुळातला असल्याने त्याला असा चीक नसतो. मात्र त्याच्या कोवळ्या शेंड्याजवळ, पानांच्या देठांच्या मधोमध, फांदीला वेढणारी पातळ उपपर्णे (देठाच्या बुडाशी येणारे पानासारखे छोटे पापुद्रे) दिसतात. अनंताची पाने कधी समोरासमोर, तर कधी तीनतीनच्या वेढ्यात येतात. तगरीच्या एकाच जोडीतली दोन पाने पुष्कळदा लहानमोठी असतात आणि तिच्या फांद्या दोनदोन फाटे फुटत वाढतात. फूल हाती असेल तर प्रश्नच उरत नाही: अनंताच्या फुलाखाली लांब, अरुंद हिरवी निदले (पाकळ्यांखालची हिरवी दले) असतात आणि फूल जुने होताना पिवळसर पडते.

सुगंधाच्या बाबतीत अनंत सरस आहे, हे मान्य केलेच पाहिजे. डबल तगरीलाही वास असतो, पण तो रात्री आणि फुलाजवळ गेल्यावर जाणवतो. निवड केवळ सुगंधावर करायची असती, तर हा लेख येथेच संपला असता.

माझ्यापुरता निर्णय केला तो अनंताच्या कळीगळीने. अनंताची कळी धरते लवकर आणि उमलते फार सावकाश. हिरवी, पीळदार कळी फुगत जाते, टोकाशी पांढरी रेघ दिसू लागते, आणि नेमक्या त्या सुमारास तिचा देठाकडचा भाग पिवळा पडून ती बोट लागताच हातात येते. माती एखादी दुपार कोरडी राहिली, पाणी जरा जास्त झाले, कुंडीची जागा बदलली, हवा एकाएकी कोरडी झाली, यांपैकी कोणतेही निमित्त त्याला पुरते. रात्री उकाड्याच्या असल्या तर कळ्या मुळात कमीच धरतात. त्यात मातीचा सामू (पीएच, म्हणजे आम्लतेचे माप) साधारण ५ ते ६.५ या दरम्यान, म्हणजे आम्लधर्मी, असावा लागतो. पाणी जड, म्हणजे क्षारांचे, असेल तर ते देता देता सामू हळूहळू चढतो, मातीत लोह असूनही मुळांना ते घेता येत नाही, आणि नवी पाने पिवळी व शिरा तेवढ्या हिरव्या असे चित्र दिसू लागते. त्यावर चिलेटेड लोह (मुळांना घेता यावे म्हणून दुसऱ्या संयुगात बांधलेले लोह) देतात, पण तेही पारखून घ्यावे लागते: ईडीटीए प्रकारचे लोह सामू चढलेल्या मातीत फारसे टिकत नाही, तेथे ईडीडीएचए प्रकारचे लागते. पावसाचे साठवलेले पाणी देणे हा त्याहून सोपा उपाय, अर्थात साठवायला जागा असेल तर. हे सारे सांभाळूनही, फूल पाहण्याच्या बेतात असताना कळी गळावी, याचा कंटाळा मला खताच्या किंवा किडीच्या कोणत्याही त्रासापेक्षा अधिक आला.

तगरीच्या तक्रारी निराळ्या आणि, माझ्या मते, सोसण्याजोग्या आहेत. कण्हेरीवरच्या पतंगाची जाडजूड हिरवी अळी तिची पाने फस्त करते. पुढच्या भागावरच्या दोन निळसर डोळ्यांवरून ती ओळखू येते आणि हाताने वेचून काढता येते. पिठ्या ढेकूण दोन्ही झाडांना होतो. तगर विषारी आहे, म्हणून लहान मुले किंवा पाने चघळणारी जनावरे घरात असतील तर हा मुद्दा गंभीरपणे घ्यावा. याउलट, मातीच्या बाबतीत ती अनंताइतकी चोखंदळ नाही, निचरा बरा असला की तिचे भागते, आणि नव्या फुटीवर ती वरचेवर फुलत राहते. छाटणीचा मुहूर्तही तिला पाहावा लागत नाही; अनंत मात्र बहर ओसरताच छाटावा लागतो, उशीर झाला की पुढच्या कळ्याच कापल्या जातात.

ज्यांच्याकडे पाणी मऊ आहे, सकाळचे ऊन व दुपारची सावली आहे आणि रात्री गारवा असतो, त्यांनी अनंत अवश्य लावावा. इतरांना, विशेषतः एकाच कुंडीची जागा असणाऱ्यांना, मी डबल तगर सुचवीन. तीही विकत आणण्यापेक्षा, जिची फुले आपण पाहिली आहेत अशा झाडाची अर्धवट पिकलेली (कोवळी नाही आणि पुरती लाकडासारखी कठीणही नाही अशी) फांदी मागून घ्यावी. कापलेल्या टोकाचा चीक धुऊन ती वाळूमिश्रित ओलसर मातीत, सावलीत खोचावी आणि नवी फूट दिसेपर्यंत हलवू नये.