मेन की नोव्हा स्कोशा? दोघांनीच होडीवर उन्हाळा काढायचा असेल तर

बॉस्टनच्या आसपास शिडाची होडी ठेवणाऱ्या जोडप्यांपुढे वसंत संपता संपता हाच प्रश्न असतो. यंदा अमेरिकेच्या मेन राज्याच्या बेटांमध्ये रमायचं, की मेनचं आखात ओलांडून कॅनडातलं नोव्हा स्कोशा गाठायचं? आम्ही नवरा-बायकोने दोन्हीकडे उन्हाळे काढले आहेत. होडी दोघंच हाकणार, हे धरून पुढचं वाचा. चार मित्र सोबत असतील तर हिशेब बदलेल.

देखणेपणात मेनला तोड नाही, हे आधीच मान्य करतो. पेनॉब्स्कॉट बे ओलांडून मर्चंट रोच्या ग्रॅनाइटच्या बेटांमधून जाताना प्रत्येक वळणावर नांगर टाकावासा वाटतो. हवा बिघडली तरी आडोसा जवळच. कॅम्डेन गावात किराणा, डिझेल, मेकॅनिक सगळं मिळतं आणि घरून तातडीचा फोन आला तर गाडीने त्याच दिवशी बॉस्टनला पोचता येतं. दोनच आठवड्यांची रजा असेल तर मेनलाच जा.

पण मेनच्या पाण्यात शेवंडांचे (लॉबस्टरचे) पिंजरे आहेत, आणि आमचा निर्णय त्यांनीच केला. एका परवान्यावर 800 पर्यंत पिंजरे टाकता येतात. मासेमारी वर्षभर चालते आणि ऐन भर येतो तो उन्हाळ्यातच, म्हणजे नेमका आपण तिथे असताना. तळाशी पिंजरा, त्याला दोर, वर तरंगता बोया. प्रत्येक मच्छीमाराची रंगसंगती वेगळी आणि तीच त्याच्या होडीवरही दाखवलेली. लांबून दृश्य सुरेख दिसतं. आत शिरलं की सुकाणू धरणाऱ्याला पाण्यावरची नजर क्षणभरही हलवता येत नाही.

पूर्वेकडे, स्कूडिक भूशिराच्या पुढे, भरती-ओहोटीची ओढ वाढते तसा त्रासही वाढतो. तिथे मुख्य बोयाच्या अलीकडे दोराला आणखी एक लहान बोया बांधतात आणि या दोहोंमधला दोर पाण्याच्या पृष्ठभागालगत आडवा पसरतो. त्यांच्या मधून होडी गेली की दोर कीलला (होडीच्या तळाच्या कण्याला) नाहीतर प्रोपेलरला अडकलाच. जोराच्या प्रवाहात तर बोया पाण्याखाली ओढला जातो, मग तो दिसतही नाही. धुक्यात रडारचा काही उपयोग नाही, त्यावर बोया उमटत नाही. एकदा दोर अडकला तेव्हा इंजिन न्यूट्रलला टाकून मी वेटसूट चढवला आणि पाण्यात उतरलो. त्या गार पाण्यात बोटं लगेच बधिर होतात, आणि दोर सरळ कापूनही टाकता येत नाही, कारण पलीकडे कुणाच्या तरी पोटापाण्याचा पिंजरा असतो. तो वेढे सोडवतच काढावा लागतो.

तरी दोर अडकणं रोजचं नाही. रोजचं आहे ते हे, की दोघांपैकी एक जण सतत नाळेवर, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकाला, बोया हेरत उभा आणि दुसरा सुकाणूवर. ऑटोपायलट लावून शेजारी बसणं नाही, गप्पा नाहीत, एकाने चहा ठेवायचा तर दुसऱ्यावर दोन्ही कामं. सुट्टी एकत्र काढायची म्हणून निघालो आणि दिवसभर होडीच्या दोन टोकांना उभे राहिलो, असं आमचं होत होतं.

नोव्हा स्कोशाच्या दक्षिण किनाऱ्यावर शेवंडांचा हंगाम नोव्हेंबरअखेरीस सुरू होतो आणि 31 मे रोजी संपतो. हॅलिफॅक्स शहराच्या पूर्वेलाही बहुतेक ठिकाणी तो जूनमध्येच आटोपतो. नोव्हा स्कोशाच्याच केप ब्रेटन बेटाच्या काही भागांत जुलैच्या मध्यापर्यंत चालतो, एवढं लक्षात ठेवा. शेलबर्नहून ल्यूनेनबर्गकडे जाताना समोरचं पाणी मोकळं पाहिलं आणि बायको बऱ्याच दिवसांनी कॉकपिटमध्ये पुस्तक घेऊन बसली.

अडचणी इथेही आहेत. मेनच्या माउंट डेझर्ट बेटाहून नोव्हा स्कोशाच्या यार्मथ बंदरापर्यंत साधारण शंभर सागरी मैल, म्हणजे एक रात्र आलटून पालटून जागायची. नोव्हा स्कोशाच्या दक्षिण टोकाच्या केप सेबलचा जोराचा प्रवाह भरती-ओहोटीचा तक्ता बघूनच ओलांडावा. जून-जुलैत धुकं मेनइतकंच, कदाचित थोडं जास्तच. वारा बहुतेक नैर्ऋत्येचा, त्यामुळे जाताना मजा आणि परतताना तोच तोंडावर. शीत आघाडी (थंड हवेचा पुढे सरकणारा पट्टा) सरकून गेल्यावरच्या वायव्य वाऱ्यासाठी हाताशी चार दिवस जादा ठेवलेले बरे. हॅलिफॅक्सच्या पूर्वेला निर्जन बेटं फार सुंदर आहेत, पण दुकानं विरळ. डाळ-तांदूळ हॅलिफॅक्सलाच भरून घ्या.

कागदपत्रांचंही बघा. भारतीय पासपोर्टवर आणि अमेरिकेच्या एच-वन-बी व्हिसावर असाल तर कॅनडाचा व्हिसा आधी काढावा लागतो. अमेरिकेचं ग्रीन कार्ड असेल तर व्हिसा लागत नाही, पण पासपोर्ट आणि कार्ड दोन्ही जवळ हवीत. पोचल्यावर कॅनडाच्या सीमा अधिकाऱ्यांना फोनने वर्दी देऊन परवानगी मिळेपर्यंत कप्तानाखेरीज कुणी होडीवरून उतरायचं नाही.

हे सगळं करून 1869 साली खुल्या झालेल्या सेंट पीटर्स कालव्याच्या लॉकमधून (पाण्याची पातळी जुळवणाऱ्या दरवाजांमधून) केप ब्रेटनच्या ब्रा द'ओर सरोवरात शिरलात, की समुद्राचं धुकं बहुधा मागेच राहतं. पाणी निमखारं, भरती-ओहोटी नावापुरती, आणि ऑगस्टमध्ये इतकं उबदार की आम्ही रोज पोहायचो. मेनमध्ये मी हौसेने कधी पाण्यात उतरलो नाही. सरोवराकाठच्या बॅडेक गावात अलेक्झांडर ग्रॅहम बेल का रमले, ते तिथे नांगर टाकला की कळतं.

ज्यांना रात्रीचा प्रवास नको, त्यांनी मेनला जावं, हे मनापासून सांगतो. सहा आठवडे हाताशी असतील आणि एक रात्र जागायची तयारी असेल, तर मी नोव्हा स्कोशाकडे झुकतो. जुलैच्या पहिल्या आठवड्यात निघा आणि ऑगस्ट सरायच्या आत परतीला लागा, कारण पुढे चक्रीवादळांचे दिवस येतात.